वॉकला उभे राहणारे सबनीस

परवा इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला एका बारशाला गेलो होतो. प्लेट हातात घेऊन आम्ही चारपाच जण गराजच्या सावलीत उभे होतो. तेवढ्यात पुण्याहून मास्टर्स करायला आलेला एक तरुण मला बेसबॉल समजावून सांगू लागला.

"काका, बॅटिंग ॲव्हरेज बघायचंच नाही आता. आउटडेटेड आहे ते. ऑन-बेस बघायचं. म्हणजे माणूस कितीदा बेसवर पोचला, वॉक धरून. हल्ली सगळे तेच बघतात."

त्याचं काही चुकलं नव्हतं. सांगत होता ते खरं होतं आणि नीट सांगत होता. मी मात्र हातातली जिलबी प्लेटमध्ये ठेवली आणि म्हणालो, "हे तू मला सांगू नकोस." आवाज इतका वाईट लागला की घरातून बायकोनं वळून पाहिलं.

राग त्या तरुणावर नव्हता. सात वर्षांपूर्वी हेच वाक्य मी एका माणसाच्या तोंडून दर रविवारी ऐकत होतो. तो भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलेला असायचा, आणि ते वाक्य ऐकून आजूबाजूचे सगळे हसायचे. आता त्याच मैदानावर नवा बोर्ड लागला आहे आणि प्रत्येक बॅटरच्या नावापुढे तो आकडा दिव्यांनी लिहिलेला असतो. तेव्हा हसलेले लोक आता तो आकडा इतक्या सहज बोलतात, जणू काही शाळेतच शिकले होते. आमचं चुकलं होतं, असं त्यांच्यापैकी एकानंही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मीही म्हटलेलं नाही. बाकीचे नुसते हसले होते. मी जे केलं ते हसण्याहून वाईट होतं, आणि ते सांगण्यासाठी सबनीसांविषयी लिहिणं भाग आहे.

सबनीस मूळचे सोलापूरचे. तिथल्या एका कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. मग चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकून, ज्या वयात लोक बढतीची वाट बघतात त्या वयात, ते पत्नीसह इथं आले. मी २००१ च्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात रुजू झालो तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, मी पस्तिशीचा. ऑफिस रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये पाइनच्या झाडांमागं दडलेलं. आम्ही हॉस्पिटलांच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर बनवायचो. सहा जणांची टीम, आणि तिच्यावर वॉल्ट नावाचा डायरेक्टर.

उंचीनं बेताचे, पँट पोटाच्या वर बांधलेली, कॉलरच्या आत घामासाठी घडी घातलेला रुमाल. खिशात भारतातून आणलेली लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल आणि टोकयंत्र. इथल्या पेन्सिलींना ते पेन्सिल म्हणत नसत. "मेण आहे ते," म्हणायचे.

त्यांचा एक प्रश्न होता आणि त्यातून कुणीच सुटलं नाही. "छेद काय घेतलास?"

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं, की अमुक मेकॅनिक चांगला आहे, माझ्या ओळखीच्या तिघांच्या गाड्या त्यानं झकास दुरुस्त केल्या. सबनीस म्हणाले, "छेद काय घेतलास? त्याच्याकडे गेले किती? बिघडवून आणणारे तुला सांगायला आले नसतील." कुणी म्हणालं की ह्या विमान कंपनीचं सामान नेहमी हरवतं, तर छेद. कुणी म्हणालं की इथं भारतीयांची मुलं स्पेलिंगच्या स्पर्धा फार जिंकतात, तर छेद. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी एकदा मला म्हणाल्या, "मुकुंद, आमटी छान झाली असं एकदा तरी म्हणा म्हटलं यांना, तर म्हणाले, कितीपैकी?"

"मग?"

"मग काय, पुढचे चार दिवस पिठलं केलं. म्हटलं, घ्या आता छेद."

सबनीस हे ऐकत समोरच बसले होते. "पिठल्याचा नमुना लहान आहे," ते म्हणाले, "पण कल चांगला दिसतो."

माझी बायको आणि मुलगी तेव्हा पुण्यातच होत्या, त्यांचे कागद व्हायचे होते. रविवार अंगावर यायचा. जूनमधल्या एका रविवारी सबनीस माझ्या अपार्टमेंटच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "टोपी घे. बेसबॉल बघायला जाऊ."

जवळच्या गावात एक छोटं मैदान होतं. मोठ्या संघांत जाण्याची वाट बघणारे किंवा तिथून परत पाठवलेले खेळाडू तिथं खेळायचे. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई. सबनीसांच्या पिशवीत दह्याच्या रिकाम्या डब्यात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी असायची. दारावरच्या बाईनं डबा उघडून विचारलं, हे काय? सबनीस म्हणाले, "क्रॅकर्स, मॅडम," आणि एक तुकडा चटणी लावून तिच्या हातावर ठेवला. ती बाई ठसका लागून डोळे पुसत होती तेवढ्यात आम्ही आत गेलो. पुढच्या रविवारी तिनं हात आधीच पुढं केला होता.

खेळ सुरू झाल्यावर सबनीसांनी मांडीवर एक लांबट वही उघडली. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, आणि त्यात ते बारीक अक्षरात काय झालं ते लिहीत होते. मी क्रिकेटवर वाढलेला. मला इतकंच कळलं की पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो आणि पळत पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर पोचतो. पोचला तर हिट, नाहीतर आउट. मग एका जाड्या बॅटरनं चार चेंडू नुसते सोडून दिले. बॅट हललीही नाही. आणि तो बॅट खाली टाकून दुडक्या चालीनं पहिल्या बेसवर चालत गेला.

"हे काय झालं?"

"वॉक. चार वाईट चेंडू टाकले की बॅटरला पहिला बेस मिळतो."

"म्हणजे वाइडच की," मी म्हणालो. "फुकटचं. बॅट्समनच्या नावावर कशाला?"

सबनीसांनी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. नंतर मला कळलं की चालू सामन्यात ते वही कधी मिटत नसत.

"तू, मी, आपण सगळे क्रिकेटवाले इथंच फसतो," ते म्हणाले. "वाइड हा बोलरचा गुन्हा, बॅट्समनचं त्यात काही नाही, हे आपल्या हाडात भिनलंय. अरे, त्या माणसानं चार वेळा मोह आवरला. चारही चेंडू मारण्याजोगे दिसत होते. हा सोडतो, दुसरा मारायला जाऊन आउट होतो. आणि ह्यांची ॲव्हरेज काय म्हणते? की हा इथं आलाच नव्हता. हिट भागिले मारायला आलेल्या वेळा; वॉक वरही नाही आणि खालीही नाही. माणूस डोळ्यांसमोर बेसवर उभा आहे आणि कागदावर त्याचा जन्मच झालेला नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण मारलं तर जास्त मजा येते."

"शंभर वेळा आलेले दोन बॅटर घे," ते म्हणाले. "पहिल्यानं एकही वॉक घेतला नाही, तीस हिट मारल्या. ॲव्हरेज हजारात तीनशे, लोक डोक्यावर घेतात. दुसऱ्यानं वीस वॉक घेतले. उरल्या ऐंशी वेळा, त्यात वीस हिट. ॲव्हरेज अडीचशे, लोक नाक मुरडतात. आता सांग, आउट किती वेळा झाले?"

मी हिशेब केला. पहिला सत्तर वेळा, दुसरा साठ.

"दहा वेळा कमी. आणि नऊ डावांत संघाकडे आउट असतात सत्तावीस, बस. तेवढीच पुंजी. ती कोण कमी उडवतो?"

"दुसरा."

"आणि हाकलतात कुणाला?"

त्या जाड्या बॅटरचं नाव होतं अर्विन. पुढच्या वेळी त्यानं पुन्हा वॉक घेतला, तेव्हा सबनीस उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वॉकला कुणी टाळ्या वाजवत नाही. लोक तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला जातात. अख्ख्या स्टँडमध्ये एकटा माणूस, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाळ्या. मागून आरोळी आली, खाली बसा, दिसत नाहीये. सबनीस बसले नाहीत. अर्विन पहिल्या बेसवर पाय ठेवीपर्यंत ते टाळ्या वाजवत राहिले, मग इकडंतिकडं पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का, आणि मग बसले. हे ते प्रत्येक वॉकला करायचे. मी शेजारी बसून बुटाची लेस बघायचो.

आमचा डायरेक्टर वॉल्टही त्याच मैदानावर यायचा. त्याची जागा आमच्यापुढं दोन रांगा सोडून. सबनीसांचं नाव त्यानं कापून 'सॅब' केलं होतं. सबनीस टाळ्या वाजवून बसले की तो मान वळवून म्हणायचा, "सॅब, त्यानं काही केलं नाही. नुसता उभा होता."

"तो आउट झाला नाही, वॉल्ट. पिचरला विचारा, काही केलं की नाही ते."

"माझ्या वडिलांनी मला भागाकार शिकवला तो रविवारच्या पेपरातल्या ॲव्हरेजवर. तीनशे म्हणजे तीनशे."

"वडिलांचा भागाकार बरोबर होता," सबनीस म्हणायचे. "छेद पेपरवाल्यांनी चुकीचा दिला होता."

वॉल्ट मोठ्यानं हसायचा आणि दाणे पुढं करायचा. वाईट माणूस नव्हता तो, हे मुद्दाम लिहितो. तो वाईट असता तर मला ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वर्षी, २००२ च्या जूनमध्ये, अर्विनला संघानं काढून टाकलं. ॲव्हरेज खाली गेली होती. सबनीसांनी क्लबच्या मॅनेजरला चार पानी पत्र लिहिलं. सोबत वहीतून काढलेला तक्ता, दोन्ही वर्षांचा: अर्विन किती वेळा आला, किती वेळा बेसवर पोचला, संघातले बाकीचे किती. तीन आठवड्यांनी एक खोका आला. आत क्लबची टोपी आणि एक छापील चिठ्ठी, तुमच्यासारख्या चाहत्यांमुळेच आम्ही आहोत.

"टोपी पाठवली," सबनीस मला फोनवर म्हणाले. एवढंच. मग पुन्हा, "मुकुंद, मी त्यांना तक्ता पाठवला आणि त्यांनी मला टोपी पाठवली."

सुनंदावहिनींनी ती टोपी बाल्कनीतल्या कपड्यांच्या चिमट्यांसाठी दोरीला टांगली. सबनीस रोज त्या टोपीकडं बघून चहा प्यायचे. माणूस एका परक्या बॅटरसाठी इतका चिडतो ह्याचं मला तेव्हा हसू आलं होतं, आणि ते मी लपवलंही नव्हतं.

आता ऑफिसचं.

आमच्याकडे प्रत्येक कामाला एक नंबर असायचा. काम तुमच्या नावावर आलं, तुम्ही पुरं केलं, की ते बंद. सबनीसांकडे स्वतःच्या कामाबरोबर आमचा कोड तपासायचंही काम होतं, आणि तपासायला आलेलं प्रत्येक काम त्यांच्याही नावावर 'आलं' म्हणून चढायचं. त्यात चूक दिसली की ते तो परत पाठवायचे. सोबत नेहमी एकच ओळ, "कृपया फेरविचार करावा", पण इंग्रजीत. त्याखाली चूक नेमकी कुठं, हे तीन ओळींत. राग यायचा. आपण शुक्रवारी दुपारी काम हातावेगळं केलेलं, आणि साडेतीनला हा फेरविचार. एकदा माझ्या कोडमध्ये एका औषधाची मुदत एक महिना पुढं दिसत होती. ते तसंच गेलं असतं तर कुठल्यातरी हॉस्पिटलात मुदत संपलेली बाटली कपाटात राहिली असती. सबनीसांनी ते पकडलं, परत पाठवलं, मी मुकाट्यानं दुरुस्त केलं, आणि काम 'मुकुंदनं बंद केलं' म्हणून माझ्या नावावर चढलं. सबनीसांच्या नावावर काय राहिलं? आलं, पण बंद झालं नाही.

जुलै २००२ मध्ये वरून हुकूम आला की प्रत्येक टीममधून एक माणूस कमी करायचा. त्या काळात असे हुकूम आसपासच्या सगळ्याच ऑफिसांत येत होते. त्याआधी दोनच महिने मला टीम लीड केलं होतं. वॉल्टनं मला बोलावलं. "मला भावना नकोत," तो म्हणाला. "एक साधा, प्रामाणिक आकडा दे. प्रत्येकाचा. तूही धरून."

मी तक्ता केला. बंद केलेली कामं भागिले नावावर आलेली कामं.

हे मी नकळत केलं असं लिहायचा मोह होतो. पण खोटं कशाला. एक वर्ष दर रविवारी मी त्या माणसाशेजारी बसलो होतो. परत पाठवलेली कामं वेगळी मोजायला हवीत, हे मला त्या तक्त्यासमोर बसल्यावर पहिल्या मिनिटाला सुचलं. मी तसा एक रकाना केलाही. त्यात आकडे भरायला लागलो आणि थांबलो. कारण सबनीसांनी परत पाठवलेल्या कामांत सगळ्यांत जास्त माझी होती. तो रकाना तक्त्यात राहिला असता तर सबनीस सगळ्यांत वर गेले असते आणि मी सगळ्यांत खाली. पुण्यात बायको सामान बांधत होती. मी रकाना पुसला. 'शेरा' म्हणून एक जागा होती, तीही सबनीसांच्या नावापुढं कोरी ठेवली. तक्त्यात मी पहिला आलो आणि सबनीस शेवटचे, मोठ्या फरकानं.

त्यांना सोमवारी कळवण्यात आलं. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. ग्रीन कार्डचा अर्ज अर्ध्यावर, आणि एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला त्या महिन्यांत नवी नोकरी कोण देणार? सबनीसांनी एकच विनंती केली: वॉल्टबरोबर पंधरा मिनिटं, तक्ता समोर ठेवून, आणि तक्ता करणारा हजर असावा.

वॉल्टच्या खोलीत काचेच्या पेटीत त्याच्या वडिलांनी झेललेला एक चेंडू होता. सबनीस त्याच्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मग तक्ता हातात घेतला आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीखाली फिरवत गेले. माझ्याकडं न बघता मराठीत म्हणाले, "छेद चुकलाय, मुकुंद." चिडून नाही. वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तसं.

मग त्यांनी वॉल्टसमोर एक कागद ठेवला. पेन्सिलीनं आखलेला. त्यावर तेच दोन बॅटर, शंभर-शंभर वेळा आलेले. इंग्रजीत, सावकाश, ते बोलले. "तुमच्या तक्त्यात मी जेव्हा चूक पकडून काम परत पाठवतो तेव्हा तो माझा आउट धरलाय. खरं म्हणजे तो वॉक आहे. चूक हॉस्पिटलपर्यंत गेली नाही. ते कुठं लिहिलंय?"

वॉल्ट हसला, पण मनापासून नाही. "सॅब, हे आपण दर रविवारी बोलतो."

"रविवारी मी अर्विनसाठी बोलतो. आज माझ्यासाठी बोलतोय."

वॉल्टनं कागद उचलला. खरंच वाचला. बराच वेळ वाचला, हे मी शपथेवर सांगेन. मग तो कागद माझ्याकडं सरकवून म्हणाला, "मुकुंद, तक्ता तुझा आहे. हा म्हणतो त्यात तथ्य आहे का? असेल तर मी वर जाऊन बोलतो."

दार उघडं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. सबनीस माझ्याकडं बघत होते. बघण्यात विनवणी नव्हती, उत्सुकता होती, हुशार विद्यार्थ्याला सोपा प्रश्न विचारल्यावर मास्तर बघतो तशी.

मी म्हणालो, "इट्स वन वे ऑफ लुकिंग ॲट इट."

बघण्याची एक पद्धत आहे ती. ह्या वाक्याचा मला अजून संताप येतो. त्यात खोटं काही नाही आणि खरं काहीही नाही. 'नाही' म्हणालो असतो तर निदान माणूस म्हणून उभा तरी दिसलो असतो. वॉल्टनं मान हलवली. सबनीसांनी कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी, आणि खिशात पेन्सिलीशेजारी ठेवली.

"बरोबर आहे," ते मराठीत म्हणाले. "एक पद्धत आहे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळापाशी मी त्यांना गाठलं. मी काय बोलणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. ते आधी बोलले.

"बेसबॉलवाले तुझ्यापेक्षा बरे, मुकुंद. ते वॉक निदान छेदात तरी धरत नाहीत. तू धरलास."

मी वाकून नळाचं पाणी प्यायलो.

"परत पाठवलेल्यांत तुझी तेहतीस होती," ते म्हणाले. "वहीत लिहिलेली आहेत, तारखांसकट. आत नेली नाहीत. न्यायला हवी होती असं सुनंदा म्हणते." त्यांनी रुमालानं मान पुसली. "तुझी माणसं कधी येताहेत?"

"सप्टेंबरात."

"बरं," ते म्हणाले, आणि आपलं टेबल आवरायला गेले.

त्यांनी ती वही टेबलावर आपटली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मी आज कमी रागानं लिहीत असतो. अर्विनसाठी चार पानं लिहिणारा माणूस स्वतःसाठी एक आकडा बाहेर काढत नाही, ह्याचा मला त्यांच्यावरही राग आहे. पण तो फार वेळ टिकत नाही, घरचा पत्ता ठाऊक असल्यासारखा माझ्याकडंच परत येतो.

पुढं काय झालं तेही सांगतो. त्या हिवाळ्यात हॉस्पिटलांतून तक्रारी येऊ लागल्या. साठा चुकतो, तारखा चुकतात. आधी असं कधी होत नव्हतं. वॉल्ट मीटिंगमध्ये म्हणाला, "आपला वाईट काळ चाललाय, नशीब पालटेल." पाच जणांनी माना डोलावल्या. त्यातली एक मान माझी होती. त्या वर्षअखेरीला टीममधला सर्वोत्तम म्हणून मला एक काचेची पाटी मिळाली. ती मी अजून टाकून दिलेली नाही. टाकली तर सुटलो असं वाटेल, म्हणून कपाटात ठेवली आहे.

सबनीस त्याआधीच गेले होते. बुधवारचं विमान होतं, आणि त्याच्या आधीचा रविवार म्हणजे मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना. मला ठाऊक होतं ते येणार. मी वेगळं तिकीट काढलं आणि त्यांच्या मागं आठदहा रांगा वर जाऊन बसलो. सातव्या डावातल्या विश्रांतीत खाली जाऊन माफी मागायची असं ठरवलं होतं. वाक्यही तयार केलं होतं.

त्या दिवशी सुनंदावहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. उन्हासाठी त्यांनी छत्री उघडली, मागच्यांनी कुरकुर केली, तेव्हा मिटून डोक्यावर पदर घेतला. दारावरची बाई तिचं काम सोडून वर आली होती. सबनीसांनी दह्याचा अख्खा डबाच तिच्या हातात दिला. वॉल्टही आला. दोन रांगा चढून त्यानं सबनीसांचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि दोघांसाठी लिंबूपाणी आणून दिलं. मी हे सगळं वरून बघत होतो. सबनीस वहिनींना वहीतले चौकोन दाखवून काहीतरी समजावत होते. त्या मान हलवत होत्या. बहुधा छेदाचंच असणार.

सातव्या डावातली विश्रांती आली आणि गेली. मी उठलो नाही.

आठव्या डावात एक नवा बॅटर आला. नाव मला आठवत नाही, अर्विनच्या जागी घेतलेला, काटकुळा, घाबरलेला. पहिला चेंडू त्यानं सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला बॅट किंचित हलली आणि थांबली. चौथा खांद्याच्या उंचीवरून आला, अगदी मारावासा वाटणारा, आणि त्यानं तोही सोडला. वॉक. लोक पॉपकॉर्नसाठी उठू लागले.

सबनीस उभे राहिले. वही बगलेत धरली आणि टाळ्या वाजवू लागले. मागून कुणीतरी नेहमीप्रमाणं ओरडलं. त्यांनी नेहमीप्रमाणं ऐकलं नाही. पोरगा पहिल्या बेसवर पोचला, तेव्हा त्यांनी मान वळवून मागं पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का ते. त्यांची नजर एकेका रांगेवरून वर आली आणि माझ्यावर थांबली.

माझ्या हातात कोकचा ग्लास होता, भरलेला. तो मी खाली ठेवला, सांडू नये म्हणून दोन पावलांच्या मध्ये नीट ठेवला, आणि उठलो. तोवर सबनीस वळून खाली बसले होते. वही मांडीवर घेऊन चौकोनात वॉक लिहीत होते, हिटला काढत तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मी उभा होतो, आणि हात टाळीसाठी वर आले होते.

मागचा माणूस म्हणाला, "खाली बसा, दिसत नाहीये."

मी बसलो.